जमीन मोजणारी अळी

खेड्यापाड्यांत मोजणीदार सर्वांच्या परिचयाचा असतो. मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीच्या नव्या पद्धतीचा आरंभ १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातीलच इंदापूर तालुक्यात झाला. पुढे ३३ फुटांच्या साखळीने शेते मोजली गेली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद अशा जागेस गुंठा म्हणण्याचा प्रघात आजही चालू आहे. साखळीचे एक टोक रोवावयाचे, दुसरे पुढे न्यावयाचे, ते रोवून पहिले उचलावयाचे, अशी ती मोजणी चाले.

नेमक्या याच रीतीने चालणारा एक लहानसा जीव पावसाळ्याच्या दिवसांत शाळेच्या कुंपणावर, बोरीच्या झुडपावर किंवा आंब्याच्या पानावर दिसतो. तो पुढचे पाय घट्ट रोवतो, शरीराची कमान करून मागचे पाय पुढच्या पायांजवळ आणतो, मग मागचे रोवून पुढचा भाग लांबवर टाकतो. चालताना पाठीला उंटासारखा उंचवटा येतो, म्हणून मराठीत त्यास उंटअळी म्हणतात. युरोपातील शास्त्रज्ञांना मात्र ती चाल पाहून जमीन मोजणाऱ्याची आठवण झाली. ग्रीक भाषेत जमीन मोजणाऱ्यास जो शब्द आहे त्यावरूनच या अळ्यांच्या कुलास जिऑमेट्रिडी असे नाव देण्यात आले. आपला 'भूमिती' हा शब्दही भूमी मोजणे याच अर्थाचा आहे. तेव्हा या कुलास मराठीत भूमापक कुल म्हणणे सयुक्तिक होईल. जगात या कुलातील सुमारे २४,००० जाती ज्ञात असून त्यांपैकी पुष्कळशा उष्ण कटिबंधात राहतात.

ही अळी म्हणजे पतंगाची बाल्यावस्था होय. फुलपाखरे व पतंग यांच्या पंखांवर बारीक खवले असतात, म्हणून त्या सर्वांस खवलेपंखी कीटक म्हणतात. भूमापक अळीचा पुढे जो पतंग होतो तोही याच गणातील आहे.

पायांचा हिशेब

अळीच्या चालीचे कारण तिच्या पायांत आहे. कोणत्याही अळीच्या शरीराचे डोके, छाती व उदर असे तीन भाग असतात. छातीच्या तीन वलयांवर सांधे असलेल्या पायांच्या तीन जोड्या असतात. हे खरे पाय होत, आणि पतंग झाल्यावरही त्यांच्या जागी सहाच पाय असतात. उदराच्या दहा वलयांपैकी काहींवर मांसल, ठेंगणे पाय असतात. हे केवळ अळीच्या अवस्थेपुरते असल्यामुळे त्यांस उपपाद म्हणतात.

हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटेअळीस उपपादांच्या पाच जोड्या असतात. चार जोड्या उदराच्या मध्यावर व एक शेवटी, अशी त्यांची मांडणी असते. त्यामुळे तिच्या शरीराला सर्वत्र टेकू मिळतो व ती सरळ सरपटते. भूमापक अळीस, थोडे अपवाद सोडल्यास, उपपादांच्या दोनच जोड्या असतात. एक सहाव्या वलयावर व दुसरी दहाव्या. छातीवरील पाय व हे मागील पाय यांच्यामधल्या भागाला टेकूच नाही. मग पुढे जावयाचे तर तो मधला भाग उचलून कमान करण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

येथे एक घोटाळा संभवतो व तो शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. शेतकरी सोयाबीनवरील एका हिरव्या अळीसही उंटअळी म्हणतात. तीही कमान करूनच चालते. परंतु तिचे पाय मोजले असता उपपादांच्या तीन जोड्या भरतात. ती भूमापक कुलातील नसून घाटेअळीच्या कुलातील आहे. चालीवरून नाव पडल्यामुळे दोन निराळ्या घराण्यांतील अळ्या एकाच नावाखाली आल्या आहेत. पाच, तीन आणि दोन एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तर तिसरी-चौथीतील मूलही या तिघींना वेगवेगळे ओळखू शकते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. शेतकऱ्याच्या घरातील मुलाने 'उंटअळी' हा शब्द नुकसानीच्या संदर्भातच ऐकलेला असतो. त्यामुळे शाळेच्या कुंपणावरील बोरीवर कमान करून चालणारी अळी दिसताच ती शत्रू आहे असे धरून तो तिला चिरडतो. मोठी माणसेही पुष्कळदा तेच करतात. बोरीवरील अळी बहुधा निराळ्याच जातीची असते व सोयाबीनशी तिचा काही संबंध नसतो. एखाद्या जीवास शिक्षा करण्यापूर्वी तो कोण आहे हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी नाव पुरेसे होत नाही. पाय मोजावे लागतात व ती कोणते झाड खाते हे पाहावे लागते.

लपण्याची कला

भूमापक अळीच्या अंगावर दाट केस किंवा काटे नसतात, विषही नसते. पक्ष्यांपासून बचाव करण्यासाठी तिच्याजवळ मुख्यतः वेशांतराचेच साधन आहे. दिवसा ती मागील दोन जोड्यांनी फांदीस घट्ट धरते आणि बाकीचे शरीर काडीप्रमाणे ताठ करून तिरपे उभे ठेवते. तिचा रंग सालीसारखा राखी किंवा तपकिरी असतो, आणि काही जातींत अंगावर डोळ्यांच्या कळ्यांसारखे उंचवटेही असतात. अशी अळी हातभर अंतरावर असूनही दिसत नाही. डहाळी म्हणून हात लावावा आणि ती हलावी, असा अनुभव पुष्कळांना येतो. कोमिबीना या प्रजातीच्या अळ्या तर पानांचे तुकडे आपल्याच अंगावर चिकटवून घेतात.

धक्का बसला तर अळी तोंडातून रेशमी धागा सोडून खाली लोंबकळते व संकट टळले की त्याच धाग्याने वर चढते. अगदी लहान अळ्या अशा धाग्यांसह वाऱ्याने दुसऱ्या झाडावर वाहून नेल्या जातात. पंख फुटण्यापूर्वीचा हा त्यांचा प्रवासच म्हणावयाचा.

पूर्ण वाढ झाली की बहुतेक जातींच्या अळ्या झाडावरून उतरून मातीत किंवा पालापाचोळ्यात शिरतात व तेथे कोशावस्थेत जातात. कोश तपकिरी व गुळगुळीत असतो. आकाराने तो खजुराच्या बीसारखा, पण तिच्याहून लहान असतो. उष्ण व दमट हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा थोड्या आठवड्यांत पुरा होतो व एका वर्षात अनेक पिढ्या होऊन जातात.

पतंग कसा ओळखावा

पावसाळ्यात सकाळी शाळेच्या व्हरांड्यातील दिव्याखालची भिंत पाहिल्यास रात्री दिव्याकडे आलेले पतंग तेथे बसलेले आढळतात. त्यांतील भूमापक पतंग बसण्याच्या पद्धतीवरून ओळखता येतो. फुलपाखरू बसताना सहसा पंख पाठीवर मिटून उभे धरते. पुष्कळसे इतर पतंग पंख छपरासारखे उतरते ठेवतात. भूमापक पतंग बहुधा चारही पंख पसरून भिंतीस सपाट चिकटवून बसतो. त्याचे शरीर सडपातळ असते. पंखांवर नागमोडी रेषा असतात, आणि पुढील पंखावरील रेषा मागील पंखावर तशीच पुढे चालू राहते. एका कागदावर रेघ ओढून मग त्याचे तुकडे केल्यासारखे ते दिसते.

या पतंगांना कानही असतात. ते डोक्यावर नसून उदराच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंस असतात. वटवाघळे उडताना जो अतिसूक्ष्म ध्वनी काढतात तो माणसास ऐकू येत नाही, पण या पतंगास येतो, आणि तो ऐकताच पतंग आपली दिशा बदलतो.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या जातींपैकी काहींचा संबंध आपल्या नित्य परिचयाच्या झाडांशी आहे. हायपेरिथ्रा लुटिया या पिवळसर, तांबूस छटेच्या पतंगाची अळी बोरीची पाने खाते. इस्टर्जिया डिस्पुटारिया या राखी-तपकिरी पतंगाची अळी बाभळीवर वाढते. थॅलासोडिस प्रजातीतील पतंग कोवळ्या पानासारखे हिरवे असून त्यांच्या अळ्या आंब्याच्या पालवीवर सापडतात. म्हणजे पतंग शोधावयाचा तर आधी झाड ओळखावे लागते. वनस्पतींचा पाठ व प्राण्यांचा पाठ हे पुस्तकात वेगळे असले तरी झाडावर ते एकत्रच असतात.

पुण्याचा वाटा

या पतंगांच्या अभ्यासात पुणे शहराला जुने स्थान आहे. कर्नल चार्ल्स स्विनहो या लष्करी अधिकाऱ्याने पुणे, मुंबई व आसपासच्या मुलखात फुलपाखरे व पतंग गोळा केले आणि मुंबई व दख्खन येथील खवलेपंखी कीटकांवरील आपले लेख १८८५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध केले. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत स्विनहो हे एक होते. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय वैद्यही होते. पुढे जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातील पतंगांवर चार खंड लिहिले. ते १८९२ ते १८९६ या काळात निघाले. आज भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे.

या कामाचा आरंभ प्रयोगशाळेत झाला नाही हे मुलांना सांगण्यासारखे आहे. संध्याकाळी दिवा लावून, काय आले ते पाहून, तारीख व ठिकाण लिहून ठेवण्यापासून तो झाला. तेवढे साधन प्रत्येक शाळेजवळ आहे.

उपद्रव कशाने होतो

भूमापक कुलातील काही जाती पिकांचे नुकसान करतात हेही खरे आहे, आणि ते मुलांपासून लपवू नये. हायपोसिड्रा तलाका ही उष्ण कटिबंधातील एक जाती याचे चांगले उदाहरण आहे. भारतापासून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडपर्यंत ती पसरलेली असून महाराष्ट्रातही आढळते. तिचा पतंग तपकिरी असतो, मादी नरापेक्षा मोठी असते, व पुढील पंखाचे टोक आकडीसारखे वळलेले असते. लहान अळी काळी असून तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. ती अनेक प्रकारच्या झाडांवर वाढू शकते. कॉफी, कोको व सिंकोना यांवरही तिची नोंद आहे.

वनात किंवा मिश्र झाडोऱ्यात ही अळी असते, पण तिचा गाजावाजा होत नाही. उत्तर बंगालातील दुआर प्रदेश व आसाम येथील चहाच्या मळ्यांत मात्र गेल्या दोन-तीन दशकांत तिचा मोठा उपद्रव होऊ लागला. मादी सावलीसाठी लावलेल्या झाडांच्या सालीच्या फटींत शेकडो अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या धाग्यांनी खाली उतरतात, आणि खाली तर दूरवर चहाच चहा असतो. अन्न शोधण्याचे कष्ट उरत नाहीत. शिवाय कीटकनाशकांनी अळीबरोबर तिला खाणारे शत्रूही मरतात. निसर्गात या अळीवर वाढणाऱ्या गांधीलमाशीसारख्या बारीक माश्या आहेत, आणि तिला रोग आणणारा एक विषाणूही आहे. त्या विषाणूचा नियंत्रणासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत.

यावरून जो बोध घ्यावयाचा तो असा. बोरीवरच्या चार अळ्यांनी बोर मरत नाही. ती अळी उपद्रवी होते ती मैलोगणती एकच झाड लावल्यामुळे व तिचे शत्रू नाहीसे झाल्यामुळे. तीच जाती एका ठिकाणी निरुपद्रवी व दुसऱ्या ठिकाणी घातक ठरते. याचा विचार मुलांनी लहानपणीच केला तर पुढे शेतकरी म्हणून फवारणीचा पंप हाती घेताना तो त्यांच्या उपयोगी पडेल.

दूरचे भाऊबंद

या कुलातील एका पतंगाने विज्ञानाच्या इतिहासात नाव मिळविले आहे. इंग्लंडमधील बिस्टन बेटुलारिया हा पतंग मूळचा पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा. दगडफुलाने झाकलेल्या सालीवर बसला की तो दिसत नसे. १८४८ साली मँचेस्टर येथे त्याचा काळा प्रकार आढळल्याची नोंद आहे. कारखान्यांच्या धुराने झाडांची साल काळवंडली तशी पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेस पडू लागले व काळे वाचू लागले. १८९५ पर्यंत त्या भागात शंभरांत अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते. १९५३ पासून बर्नार्ड केटलवेल यांनी यावर प्रयोग केले. १९५६ च्या कायद्यानंतर हवा हळूहळू स्वच्छ झाली आणि काळ्यांचे प्रमाण पुन्हा घटत गेले. केटलवेल यांच्या पद्धतीवर आक्षेप आले, तेव्हा मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात नव्याने निरीक्षणे केली व पक्षी हेच मुख्य कारण असल्याचे त्यांतून दिसून आले. याच बिस्टन प्रजातीतील दुसरी एक जाती भारतात चहावर आढळते. हवाई बेटांत तर या कुलातील काही अळ्या पाने सोडून माश्या पकडून खातात. डहाळीसारखे निश्चल राहण्याची जी युक्ती इतरांस लपण्यासाठी, तीच त्यांस शिकारीसाठी उपयोगी पडते.

शाळेत काय करता येईल

प्रथम सुरक्षिततेचा नियम मुलांच्या मनावर ठसवावा. अंगावर दाट केस किंवा काटे असलेल्या अळीस हात लावू नये. शेवग्याच्या खोडावर घोळक्याने बसणारे केसाळ सुरवंट व पानांवरील काटेरी हिरव्या अळ्या यांच्यामुळे खाज व आग होते. भूमापक अळी गुळगुळीत असते. तरीही तिला बोटांनी न उचलता काडीवर किंवा पानावर घ्यावे.

मग पुढील पाठ घेता येतील. अळी कागदावर ठेवून तिचे एक पाऊल पट्टीने मोजावे व पावले मोजून अंतर काढावे. एक पाऊल २ सेंटिमीटरांचे असेल तर २५ पावलांत ती अर्धा मीटर जाते. गुणाकाराचा पाठ याहून जिवंत क्वचितच मिळेल. नंतर भिंगाने उपपाद मोजून पाच, तीन की दोन हे वहीत लिहावे. जी अळी ज्या झाडावर मिळाली त्याच झाडाची ताजी पाने देऊन, तळाशी ओलसर माती घातलेल्या व तोंडास जाळीचे कापड बांधलेल्या बरणीत ती पाळावी. कात टाकणे, कोश होणे व पतंग निघणे यांच्या तारखा मुलांनीच लिहाव्यात. पतंग निघाला की संध्याकाळी तो त्याच झाडाजवळ सोडून द्यावा. टाचणी टोचून संग्रह करण्याची प्राथमिक शाळेत आवश्यकता नाही. चित्र काढले की पुरे.

वरच्या वर्गांना वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वती येथे नेता आले तर एक तुलना करता येईल. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड पुष्कळ झाली आहे. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडील. बोर किंवा बाभूळ यांची शंभर पाने व गिरिपुष्पाची शंभर पाने पाहून त्यांतील किती कुरतडलेली आहेत हे मुलांनी मोजावे आणि मिळालेल्या आकड्यांवर वर्गात चर्चा करावी. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये.

शेवटी एक गोष्ट प्रत्येक शाळेच्या हातची आहे. आवारातील सर्व पाला झाडून पेटवून देण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. त्या पाल्यात भूमापकाचे कोश असतात, आणि आग लागली की पुढच्या पावसाळ्यातील पतंग तेथेच संपतात. पतंग नाहीत म्हणजे अळ्या नाहीत, आणि अळ्या नाहीत म्हणजे पिलांना भरवण्यास काही नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, परंतु आपल्या लहान पिलांना ती प्रामुख्याने कीटक व अळ्याच भरवते. शिंपी व दयाळ यांचेही तसेच आहे. शाळांतून चिमण्यांसाठी लाकडी घरटी टांगली जातात, पाणी ठेवले जाते. हे स्तुत्य आहेच. परंतु घरट्याखालचा पाला त्याच वेळी जळत असेल तर त्या घरट्यातील पिलांना अन्न कोठून मिळणार, हा प्रश्न उरतो. आवाराच्या एका कोपऱ्यात, भिंतीलगत, चार-पाच हात जागेत पाला तसाच कुजू द्यावा व त्याजवळ एखादी बोर वा बाभूळ राहू द्यावी. पावसाळा लागला की मुलांना तेथे नेऊन डहाळ्या नीट पाहण्यास सांगावे. त्यांतील एखादी डहाळी चालू लागेल, आणि तिचे पाय किती हे मुले आपण होऊन मोजू लागतील.